हात आपसूक हलता, आये

दिवाळीच्या सुट्टीत तारकर्लीला पाहुण्यांची रीघ लागते. आमचाही तीन खोल्यांचा न्याहारी-निवास आहे. त्या दुपारी आठ माणसं जेवायला बसली होती आणि माझी दहा वर्षांची लेक सोलकढी वाढत होती. तिसऱ्या पानाशी तिचा हात असा उडाला, की वाटी थेट पाहुण्याच्या मांडीवर. सगळ्यांदेखत मी तिला फटका दिला. ती रडत म्हणाली, "आये, मी करूक नाय. हात आपसूक हलता." माझा विश्वास बसला नाही. तो फटका मला आजही सलतो, म्हणून हे लिहिते आहे.

खुणा तर महिनाभर समोर होत्या. वहीतलं अक्षर ओळ सोडून भरकटत होतं. गणवेशाची बटणं लागत नव्हती, घास तोंडापर्यंत जाईस्तोवर भात सांडत होता. बाई म्हणाल्या, वर्गात वाकुल्या दाखवते. कारण नसताना ती रडायची. झोपली की मात्र सगळं शांत. म्हणून तर आम्हाला ती सोंगं वाटली. शेजारीण म्हणाली, "चेडवाक बाहेरचा लागला." कौल लावला, गाऱ्हाणं घातलं. एका दवाखान्यात अशक्तपणा म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या मिळाल्या. देवाला गाऱ्हाणं घातलं यात चूक नव्हती. त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ गाठले नाहीत, ही चूक होती.

शेवटी गेलो, तेव्हा डॉक्टरांनी आधी यंत्र नाही, स्वतःची दोन बोटं पुढे केली. "घट्ट धरून ठेव." तिची मूठ आवळायची, सैल पडायची, पुन्हा आवळायची, गाईची धार काढावी तशी. जीभ बाहेर काढून ठेवायला सांगितली, तर ती लगेच आत जायची. मग त्यांनी विचारलं, "गेल्या काही महिन्यांत हिचा घसा दुखला होता?"

दुखला होता. चतुर्थीच्या आधी ताप आला होता, गळ्याला गाठी आल्या होत्या. गुळण्या, काढा आणि तापाच्या दोन गोळ्यांवर आम्ही भागवलं होतं.

या आजाराचं नाव कोरिया. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नाच. मुलांमधल्या या प्रकाराचं वर्णन इंग्लंडच्या थॉमस सिडनहॅम यांनी १६८६ मध्ये केलं, म्हणून तो सिडनहॅम कोरिया. घशात स्ट्रेप्टोकोकस जंतूचा संसर्ग होतो, शरीर त्याच्याशी लढायला प्रतिपिंडं तयार करतं आणि तीच चुकून मेंदूतल्या हालचालींना लगाम घालणाऱ्या केंद्रांवर उलटतात. ५ ते १५ वर्षांच्या मुलांना, त्यातही मुलींना, हा जास्त होतो. घसा बरा झाल्यावर एक ते सहा महिन्यांनी तो डोकं वर काढतो. तोवर रक्ताचा अहवाल साधा येऊ शकतो. तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये.

खरा धोका हृदयाला. घशाच्या या संसर्गामागून येणाऱ्या ऱ्हुमॅटिक फीवरचाच हा एक चेहरा, आणि तो ताप हृदयाच्या झडपा खराब करू शकतो. गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढला, तर एका झडपेतून थोडी गळती निघाली. स्टेथोस्कोपने ती ऐकू आली नव्हती.

हालचाली आवरायला काही महिने व्हॅल्प्रोएट हे औषध दिलं आणि दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सुरू झालं. शाळेत जाऊन बाईंना आजार समजावला; लिहायला जादा वेळ मिळाला. शिमग्यापर्यंत हात स्थिर झाले.

आणि मी दुसरी चूक केली. मे महिन्याचा हंगाम, घर पाहुण्यांनी भरलेलं, पोर ठणठणीत. दोन इंजेक्शनं चुकवली. पावसाळ्यात पुन्हा घसा धरला आणि श्रावणात हात पुन्हा उडू लागले. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "इंजेक्शन हातांसाठी नाही, हृदयासाठी आहे. हात थांबले तरी ते थांबवायचं नाही." आता तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलेली असते. अशी कित्येक वर्षं काढायची आहेत.

माझ्यासारख्या आयांना एवढंच सांगते. मुलाला ताप, घसादुखी, गळ्याला गाठी आणि सर्दी-खोकला नाही, असं दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. बहुतेक घसादुखी विषाणूंची असते, पण जंतूंची असेल तर ९ दिवसांच्या आत प्रतिजैविक सुरू झाल्यास ऱ्हुमॅटिक फीवर सहसा टळतो. दिलेली मात्रा पूर्ण करा. कोरिया निघाला तर इको काढल्याशिवाय राहू नका. पेनिसिलिन कुणाकुणाला सोसत नाही, म्हणून ते इंजेक्शन त्रास झाल्यास उपचाराची सोय असलेल्या ठिकाणीच घ्या. मुलगी मोठी झाली की गरोदरपणी आणि गर्भनिरोधक गोळ्या घेण्याआधी डॉक्टरांना हा आजार आवर्जून सांगा; तेव्हा तो परतू शकतो.

मोठ्यांच्या कोरियाची कारणं वेगळी. म्हाताऱ्या माणसाचा एकाच बाजूचा हात-पाय अचानक उडू लागला तर लगेच रुग्णालय गाठा: साखर भलतीच वाढलेली असेल किंवा पक्षाघात असेल. थायरॉइड, ल्युपस, शरीरात तांबं साठवणारा विल्सन आजार, मानसिक आजारावरची किंवा उलटीवरची काही औषधं यांनीही तो होतो. यांतल्या पुष्कळांवर इलाज आहे. हंटिंग्टन आजार मात्र आनुवंशिक. पालकांपैकी एकाला असल्यास प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, आणि तो मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही.

लेकराचा हात आपसूक हलत असेल, तर आधी त्याचं म्हणणं खरं माना. फटका मारू नका, आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या.