जुना ट्रॅक्टर विकत घेण्यापूर्वी

मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने ‘टाफे’ ही कंपनी १९६० साली चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमध्ये स्थापन झाली. तिच्या सेंबियम येथील कारखान्यातून बाहेर पडलेले कित्येक जुने ट्रॅक्टर आजही शेतात राबताना दिसतात. चेंगलपट्टू वा तिरुवल्लूर परिसरात थोडी जमीन घेऊन प्रथमच शेतीकडे वळणाऱ्या ग्राहकास असा ट्रॅक्टर परवडण्याजोगा वाटतो. सुटे भाग आणि जाणकार कारागीर जवळपास मिळणे ही येथील मोठी सोय. तथापि नवा रंग पाहून भुलू नये. रंग स्वस्त असतो.

पाहणीस सकाळीच जावे आणि प्रथम इंजिनाला हात लावून पाहावा. ते आधीच गरम असेल, तर थंड स्थितीत सुरू होण्यातील अडचण झाकली जात असण्याची शक्यता असते. निळसर धूर सतत येत राहिल्यास इंजिन ऑइल जळत आहे असे समजावे. तासमापकावर मात्र विसंबू नये. तो बंद पडलेला असतो किंवा बदललेला.

भातशेतीच्या प्रदेशात खरी परीक्षा मागील भागाची. चिखलणीत ट्रॅक्टर तासन् तास पाण्यात चालतो. सील झिजले की पाणी ब्रेकमध्ये व गिअरपेटीत शिरते. जुन्या मॅसी फर्ग्युसनमध्ये हायड्रॉलिक पंप याच पेटीतील तेलात बुडालेला असतो. त्यामुळे तेल दुधाळ दिसले, तर गिअरबरोबर पंपाच्याही दुरुस्तीचा खर्च हिशेबात धरावा. नांगर जोडून लिफ्ट वर उचलावी. इंजिन चालू असताना ती सारखी खालीवर होत असेल, तर विक्रेत्याच्या ‘किरकोळ काम आहे’ या आश्वासनावर सौदा करू नये.

यंत्र उत्तम, पण कागद अपुरे, असे असेल तर सारी रक्कम अडकून पडते. इंजिन व चॅसिस क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी प्रत्यक्ष ताडून पाहावेत. प्रमाणपत्रावर एखाद्या बँकेचा बोजा नमूद असेल, तर विक्रेत्याने ‘कर्ज केव्हाच फिटले’ असे सांगणे पुरेसे नाही. बँकेच्या सहीचा नमुना ३५ आणि ना-हरकत पत्र हाती येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये. कर्ज थकीत असल्यास ट्रॅक्टरवरील बँकेचा हक्क नव्या मालकाच्या दारापर्यंत येऊन पोहोचतो.

नोंदणीची मुदत १५ वर्षांची असते. पुढे तपासणीनंतर ५ वर्षांसाठी नूतनीकरण होते. ही मुदत उलटून गेली असल्यास तो खर्च किमतीतून वजा करून घ्यावा. नमुना २९ व ३० यांवर विक्रेत्याची सही व्यवहाराच्या दिवशीच घ्यावी. हस्तांतरणाची सूचना खरेदीदाराने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास द्यावयाची असते. विम्यावर नाव बदलण्याचा अर्ज मात्र १४ दिवसांतच करावा लागतो.