हवेची गाळणी घेताना

आम्ही कापडवाले गिऱ्हाईक पाहून कापड दाखवतो. तशी गाळणी हवा पाहून घ्यावी. सानगडीत सुताचे तंतू आणि धानाच्या कोंड्याची जाड धूळ साध्या जाळीतही अडकते. चुलीचा व कचऱ्याचा धूर अतिबारीक. त्याला 'हेपा' गाळणीच लागते. ती ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. वासासाठी मात्र सक्रिय कोळशाचा थर हवा.

आता हिशेब. १२ बाय १० फुटांची, १० फूट उंच खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर. तासाला ५ वेळा हवा गाळायची, तर यंत्राची क्षमता ताशी १७० घनमीटर हवी. गाळणी बदलण्याचा खर्च आधीच विचारा. धूर घरातलाच असेल, तर पहिला पैसा धुराड्यावर घाला.