दोन विष्णू महादेव

आमच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत ठाण्याला, नौपाड्यात काकांच्या कपाटात असतो. चुलतभावाने दोन वर्षं खपून तो संगणकावर चढवला आणि त्याची गेडकॉम फाइल (एका सॉफ्टवेअरमधली वंशावळ दुसऱ्यात नेण्याचा साचा) मला पाठवली. डोंबिवलीला घरी मी ती माझ्या वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली. ४१२ माणसं बिनतक्रार आत आली. पण वंशवृक्ष काढायला गेलं की पडदा गोठायचा आणि सॉफ्टवेअर बंद पडायचं. पुन्हा सुरू केलं की शेवटची फाइल आपोआप उघडायची, की पुन्हा तेच.

अशा वेळी आधी ती फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवावी, म्हणजे सॉफ्टवेअर रिकामं उघडतं. मी घाईने सॉफ्टवेअरच काढून टाकलं आणि ‘डेटाही पुसा’ला हो म्हटलं. घरात आलेल्या सुनांच्या माहेरच्या ३१ नोंदी मी आत्याला विचारून घातल्या होत्या. कुलवृत्तांतात त्या नव्हत्या आणि मी बॅकअपही ठेवला नव्हता. त्या गेल्या. म्हणून कळकळीने सांगते, आयात करण्याआधी जुन्या डेटाची प्रत पेनड्राइव्हवर काढा, आणि नवी फाइल आधी कोऱ्या वंशावळीत घेऊन बघा.

मग सॉफ्टवेअर पुन्हा घातलं आणि दोष कुठे आहे ते शोधायला चुलतभावाकडून एकेका पातीची, म्हणजे शाखेची, वेगळी फाइल मागवली. थोरली पाती नीट उघडली, धाकटीने मान टाकली. तिची यादी छापून कल्याणला पारनाक्यावर आत्याकडे गेले. तिने चष्मा सावरला आणि एका नावावर बोट ठेवलं. “अगं, हे दोघं आहेत. एक कोकणातून कधी हललाच नाही. दुसरा त्याचा नातू, तो इथे रेल्वेत होता.”

आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत होती. विष्णूचा मुलगा महादेव, त्याचा मुलगा पुन्हा विष्णू. आजोबांच्या वडिलांचं नावही महादेव, त्यामुळे आजोबा आणि नातू दोघेही ‘विष्णू महादेव’, आडनावासकट तंतोतंत. आयातीच्या वेळी ‘सारख्या व्यक्ती एकत्र करा’ ही खूण मीच ठेवली होती. जन्मसाल कुणाचंच नव्हतं, म्हणून दोघांचा एक झाला आणि विष्णू स्वतःचाच आजोबा ठरला. वृक्ष काढणारं सॉफ्टवेअर वडील शोधत वर चढत राहिलं, त्याला शेवटच सापडेना.

तेव्हा ती खूण काढून टाका. एकत्र करायचंच असेल तर एकेक जोडी डोळ्यांखालून घाला. नावापुढे पिढीचा आकडा किंवा अंदाजे जन्मसाल लिहा, अंदाज असल्याचं नमूद करून. दत्तक गेलेला मुलगा दोन्ही घरांत दिसतो. तिथे माणूस एकच ठेवून त्याला दोन्ही घरांशी जोडा आणि नातं दत्तक म्हणून नोंदवा.

अक्षरांच्या जागी चौकोन किंवा चिन्हं आली तर फाइल यूटीएफ-८ मध्ये पुन्हा काढून घ्या. गेडकॉम १९८४ पासूनचं. यूटीएफ-८ त्यात १९९९ च्या ५.५.१ आवृत्तीपासून आलं, त्यामुळे जुन्या सॉफ्टवेअरच्या फायलींत देवनागरी अनेकदा बिघडते. युनिकोडच्या आधीच्या डीटीपी फाँटमधला मजकूर मात्र फाइल यूटीएफ-८ मध्ये काढून सुधारत नाही, तो कन्व्हर्टरमधून काढावा लागतो.

दोन्ही विष्णू वेगळे केले आणि वृक्ष उघडला. गेलेल्या ३१ नोंदींसाठी पुन्हा आत्याकडे बसले. ती ८६ वर्षांची आहे. तिला २२ आठवल्या.