मामा तलाव : धानाचे पाणी आणि मासळीचे पाणी



धान निसवताना एक पाणी कमी पडले, तर लोंबीत दाणा भरत नाही व हंगामाची मेहनत वाया जाते. वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत हे पाणी पिढ्यान् पिढ्या मामा तलावांनी, म्हणजेच माजी मालगुजारी तलावांनी दिले. आज यातील अनेक तलाव गाळाने उथळ झाले असून बेशरमाने वेढले आहेत. गाळ काढला की तलाव सुधारला, असा समज सर्वत्र दिसतो. तो अपुरा आहे.

तलाव कोणाचा?

हे तलाव उतारावर एकाखाली एक बांधलेले आहेत. वरचा भरून ओसंडला की पाणी खालच्या तलावात जाते. सन १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली व तलाव शासनाकडे आले. आता लहान तलावांची देखभाल जिल्हा परिषद पाहते, सिंचन धान उत्पादक घेतात, मासेमारी ढिवर बांधवांची सहकारी संस्था करते आणि वरच्या पाणलोटात आणखी कोणाची शेती असते. प्रत्येकजण आपल्यापुरते पाहतो. त्यामुळे एकाने केलेली सुधारणा दुसऱ्याच्या कामाने वाया जाते.

तलाव कसा बिघडतो?

तलावाच्या उथळ काठावरील पाणवनस्पती गढूळ पाणी निवळतात. त्यांच्या आधाराने मासे अंडी घालतात व पाणपक्षी राहतात. यंत्राने सरसकट तळ खरवडल्यास या वनस्पतींचे कंद व बी गाळाबरोबर निघून जाते. गवत्या मासा पाणवनस्पती खातो, तर सायप्रिनस तळ उकरून पाणी गढूळ करतो. मग मरळ, शिंगी यांसारखी देशी मासळी कमी होते.

आधी बैठक, मग कुदळ

ग्रामसभेत सर्वांना बोलावून पुढील बाबी ठरवाव्यात व लेखी नोंदवाव्यात.

१. किमान पातळी : तलावाच्या तोटीजवळ रंगाने खूण करावी. त्याखालील पाणी शेतीसाठी सोडू नये. ते जनावरांसाठी व बीजमाशांसाठी उन्हाळ्यापर्यंत राखावे. अवर्षणात काय करावयाचे, हेही आधीच ठरवावे.

२. गाळ : उन्हाळ्यात टप्प्याटप्प्याने काढावा. वनस्पती असलेला काठाचा पट्टा तसाच ठेवावा. पाळीच्या पायथ्याशी खोदू नये. सन २०१७ मध्ये सुरू झालेल्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेची चौकशी करावी. गाळ हलक्या जमिनीत पसरावा.

३. बेशरम : पाणी आटल्यावर मुळासकट उपटावे. कांडीचा तुकडा ओलाव्यात पडला तरी फुटतो, म्हणून तलावापासून दूर नेऊन पूर्ण वाळवावे. पुढील दोन-तीन वर्षे नवे फुटवे काढावेत.

४. देशी वनस्पती : जवळच्या चांगल्या तलावातून देवधान, कमळ व पाण्यात बुडून वाढणाऱ्या वनस्पती थोड्या प्रमाणात, मुळांच्या मातीसह आणाव्यात. पावसाच्या सुरुवातीला ओल्या तळात लावाव्यात. रुजेपर्यंत तेथे गुरे सोडू नयेत. गवत्या व सायप्रिनसचे बीज सोडू नये.

५. वरचे शेत : उताराला आडवी मशागत करावी, बांध दुरुस्त ठेवावेत आणि नाल्याच्या काठी गवत राखावे. खते माती परीक्षणानुसार द्यावीत. जादा खत वाहून आल्यास पाण्यात शेवाळ माजते.

अनुभव काय सांगतो?

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ, ढिवरांच्या मत्स्य संस्था आणि महिलांचे गट यांनी मिळून बेशरम काढले व देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. मासे धरणाऱ्यांना कोणती वनस्पती कोणत्या खोलीत येते हे ठाऊक होते. त्यांच्या माहितीला येथे मान मिळाला, ही लक्षात घेण्याजोगी बाब आहे.

किमान पातळीची खूण पाळणे सोपे नाही. समोर धान सुकत असताना तलावात पाणी राखणे जिवावर येते. म्हणूनच हा निर्णय टंचाईच्या दिवशी तोटीवर नव्हे, तर पेरणीपूर्वी ग्रामसभेत घ्यावा. बदल्यात मत्स्य संस्थेने तोटी, पाळ व सांडवा यांची देखरेख स्वीकारावी आणि शेतकऱ्यांनी पाटाच्या दुरुस्तीला श्रमदान करावे. पाट फुटका नसेल, तर राखलेल्या पाण्याची बरीचशी भरपाई गळती थांबल्याने होते.

येत्या उन्हाळ्यात कुदळ उचलण्यापूर्वी ढिवर बांधवांना एकदा बैठकीला बोलवावे.