जुन्या मोटारीतील नवा स्टिरिओ : थोडे गणित

वाणिज्य शाखेत आपण खरेदीपूर्वी हिशेब मांडावयास शिकतो. तो घरीही उपयोगी पडतो. जोयडा येथे माझ्या मामांकडे कॉन्टेसा मोटार आहे. हिंदुस्थान मोटर्सने १९८४ ते २००२ पर्यंत काढलेली ही गाडी एके काळी श्रीमंतीची खूण मानली जाई. तिचा कॅसेट-प्लेअर बंद पडला, तेव्हा मामांनी खोक्यावर ‘५० वॉट × ४’ छापलेला महागडा संच घेण्याचे ठरविले.

हा आकडा तपासून पाहू. इंजिन चालू असताना विद्युतदाब सुमारे १४.४ व्होल्ट असतो. मोटारीतील स्पीकरचा रोध बहुधा ४ ओहम. दाबाच्या वर्गास रोधाने भागले की सुमारे ५२ वॉट येतात. परंतु स्वराचा तरंग सतत शिखरावर राहत नाही. त्याची सरासरी शक्ती निम्मी, म्हणजे २६ वॉट. बॅटरीच्या दाबावरच चालणारा कोणताही संच, स्वस्त असो वा महाग, याहून अधिक स्वच्छ शक्ती देऊ शकत नाही.

मग पैसा कोठे घालावा? आमच्याकडील पावसाळी दमटपणात स्पीकरचा कागदी पडदा व फोमची कड खराब होते. “मामा, संच साधा घ्या, स्पीकर चांगले घ्या,” असे मी सुचविले. मूळ तारा मात्र कापू नयेत व जुना संच जपून ठेवावा. गाडी विकताना मूळ वस्तूंना किंमत येते.

मामांनी ते मानले. उरलेल्या पैशांत त्यांनी अणशी घाटासाठी दोन नवे टायर घेतले. छापील आकडा तपासल्याशिवाय मान्य करू नये, हा लेखापरीक्षणाचा पहिला धडा मला असा मिळाला.