दोन पावले मागे

[पाठपरिचय : आता घरोघरी कॅमेरा असलेले मोबाइल आले आहेत. सहलीत किंवा परसदारी एखादा पक्षी अथवा प्राणी दिसला, की आपण लगेच त्याचा फोटो काढतो. पण त्या वेळी त्या मुक्या जिवाचे काय होते? रत्नागिरीच्या एका शिक्षकाने या पाठात आपली एक चूक आणि त्या चुकीतून मिळालेला धडा सांगितला आहे.]

आमच्या घरामागे विहीर आहे. विहिरीजवळ जास्वंदीचे दाट झुडूप आहे. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्या झुडपात शिपाई बुलबुलाच्या जोडीने घरटे बांधले. डोक्यावर काळा टोकदार तुरा, गालावर तांबडा ठिपका आणि शेपटीखाली लाल रंग, असा हा देखणा पक्षी. त्याचे घरटे एखाद्या लहान वाटीएवढे होते. त्यात आधी तीन अंडी दिसली. मग काही दिवसांनी तीन पिल्ले दिसू लागली.

घरटे प्रथम पाहिले ते माझ्या धाकट्या मुलीने. शाळेतून आली, की ती स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राही. बुलबुल चोचीत किडे घेऊन येत. पिल्ले माना वर करून चोची उघडत. ते पाहताना मुलगी जेवणही विसरे.

एका रविवारी मी मोबाइल घेऊन झुडपाजवळ गेलो. फोटो काढू लागलो, पण मध्ये पाने येत होती. पिल्लांच्या चोची नीट दिसेनात. म्हणून मी पुढची एक फांदी वाकवली आणि सुतळीने बाजूला बांधून टाकली. आता घरटे स्वच्छ दिसू लागले. मी अगदी जवळून वीस-पंचवीस फोटो काढले. नर आणि मादी माडाच्या झावळीवर बसून सारखी ओरडत होती. ती गात आहेत, असे मला वाटले. इतक्यात घरी पाहुणे आले. मी घाईने आत गेलो. फांदी सोडायची तशीच राहून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरटे रिकामे होते. विहिरीच्या कठड्यावर एक कावळा बसला होता.

मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "अब्बा, इतके दिवस कावळ्याला घरटं दिसलं नव्हतं. कालच कसं दिसलं?"

मी झुडपाजवळ गेलो आणि सुतळी सोडली. फांदी पुन्हा जागेवर आली. घरटे पानांआड झाले. पण आता त्याचा काय उपयोग? पिल्लांचे सुंदर फोटो माझ्याजवळ होते. पिल्ले मात्र नव्हती.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस आमच्या शाळेची सहल मंडणगड तालुक्यातील वेळास या गावी गेली. वेळास आपल्याच जिल्ह्यात, बाणकोटच्या खाडीजवळ आहे. चिपळूण, खेड, मंडणगड करीत आम्ही दुपारी तेथे पोहोचलो. एका गावकऱ्याच्या घरी उतरलो. एक रात्र राहून दुसऱ्या दिवशी परतायचे होते.

वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालतात. मादी रात्री वाळूवर येते, खड्डा खणते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात परत जाते. पूर्वी माणसे ही अंडी उकरून नेत. कुत्री आणि कोल्हेही अंडी खात. सन २००२ मध्ये चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने अंड्यांच्या रक्षणाचे काम सुरू केले. किनाऱ्यावर जाळीचे कुंपण घातले. सापडलेली अंडी तेथे आणून पुन्हा वाळूत पुरण्यात येऊ लागली. साधारणपणे ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. मग त्यांना किनाऱ्यावर सोडतात. हा सोहळा पाहण्यासाठी २००६ पासून वेळासला कासव महोत्सव भरू लागला. कासवांमुळे गावकऱ्यांना पाहुण्यांची सोय करून चार पैसेही मिळू लागले.

सायंकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. तेथे वाळूवर एक दोरी बांधली होती. सर्व पाहुणे दोरीच्या अलीकडे उभे होते. कार्यकर्त्याने मोठ्याने सूचना दिल्या, "दोरी ओलांडू नका. पिल्लांना हात लावू नका. मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा."

थोड्या वेळाने टोपलीतून पिल्ले वाळूवर सोडण्यात आली. तळहातात सहज मावतील एवढी ती इवलीशी, काळपट पिल्ले! क्षणभर ती थांबली. मग वल्ह्यांसारखे पाय मारीत समुद्राकडे निघाली.

आठवीतला एक मुलगा माझ्याजवळ उभा होता. त्याने वडिलांचा मोबाइल हट्टाने मागून आणला होता. तो म्हणाला, "सर, इतक्या लांबून फोटो काय येणार? दोनच पावलं पुढं जाऊ का?"

मी काही बोलण्यापूर्वीच शेजारचा कार्यकर्ता हसून म्हणाला, "बाळा, तू दोन पावलं पुढं गेलास, की ओल्या वाळूत तुझ्या पावलांचे खड्डे पडतील. तुला तो खड्डा दिसतो, पण या पिल्लाला ती दरी आहे. त्यात पडलं, तर वर येता येता दमून जाईल. उलट, दोन पावलं मागं ये."

मुलाने विचारले, "आणि फ्लॅश का नको?"

"पिल्लं उजेडाच्या दिशेनं चालतात. रात्रीच्या अंधारात समुद्राची बाजू अधिक उजळ दिसते, म्हणून ती तिकडं जातात. तू इकडून उजेड पाडलास, तर ती वाट चुकतील."

मुलगा दोन पावले मागे आला. त्याने मोबाइल खिशात ठेवला आणि नुसते पाहत राहिला. एकेक पिल्लू पाण्याशी पोहोचले. लाट आली आणि पिल्लू दिसेनासे झाले.

शेवटचे पिल्लू गेल्यावर दोरी सोडण्यात आली. लोक परत फिरले. तो मुलगा मात्र वाळूवर गुडघे टेकून बसला. मावळतीचे तिरपे ऊन वाळूवर पडले होते. त्या उन्हात पिल्लांच्या पायांची बारीक नक्षी उठून दिसत होती. ती नक्षी थेट लाटेपर्यंत गेली होती. मुलाने तिचा फोटो काढला. त्या दिवशी आमच्यापैकी पुष्कळांनी फोटो काढले, पण त्याच्याइतका चांगला कोणाचाच आला नाही. त्यात एकही कासव नव्हते, तरी सगळी कासवे त्यात होती.

परतीच्या प्रवासात मी मुलांना डॉ. सालिम अली यांची हकिकत सांगितली. ते १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्मले. पुढे ते पक्षिशास्त्रज्ञ म्हणून जगभर प्रसिद्ध झाले. अलिबागजवळच्या किहीम गावी त्यांनी १९३० साली सुगरण पक्ष्यांचे निरीक्षण केले. दिवसामागून दिवस ते घरटी पाहत. 'सुगरण' हा शब्द स्त्रीलिंगी आहे, पण घरटे विणतो तो नर. तो अर्धे घरटे विणून थांबतो. मादी येऊन ते पाहते. तिला पसंत पडले, तरच ती तेथे राहते आणि मग नर घरटे पुरे करतो. त्यानंतर तो दुसरे घरटे विणायला घेतो! या गोष्टी सालिम अलींना कशा कळल्या? घरटे तोडून किंवा फांदी वाकवून नव्हे. पक्षी आपापल्या कामात राहिले आणि ते पाहत राहिले, म्हणून कळल्या.

सहलीनंतर मुलांना फोटो काढण्याचा नाद लागला. त्यासाठी लांबच्या जंगलात जाण्याची गरज नव्हती. भाट्याच्या खाडीवर ओहोटीच्या वेळी बगळे चिखलात उभे असतात. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीच्या आशेने घारी घिरट्या घालतात. हिवाळ्यात उत्तरेकडून कुरव पक्षी येतात. काहींनी तर आपल्या भिंतीवरची पाल आणि कुंडीतले फुलपाखरू यांचेच फोटो आणले.

आम्ही वर्गात काही नियम ठरवले. फोटो सकाळी किंवा सायंकाळी काढावा, कारण दुपारचे ऊन डोक्यावर असते आणि फोटोत सावल्या काळ्याकुट्ट येतात. शक्यतो सूर्य आपल्या पाठीशी असावा. पक्षी जमिनीवर असेल तर आपणही खाली बसावे. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेला फोटो चांगला येतो. पक्ष्याकडे सरळ चालत जाऊ नये. एका जागी शांत बसावे. तो हळूहळू स्वतःच जवळ येतो. त्याने खाणे थांबवले, मान ताठ करून आपल्याकडे पाहिले किंवा तो ओरडू लागला, तर समजावे, की आपण फार पुढे आलो आहोत. लगेच दोन पावले मागे यावे. घरट्याजवळ तर जाऊच नये आणि घरटे कोठे आहे, हे मोबाइलवरून कोणाला कळवू नये. फोटोखाली तारीख, वेळ आणि ठिकाण लिहून ठेवावे. अशा नोंदींमुळे कोणता पक्षी आपल्या गावी कधी येतो आणि कधी जातो, हे समजते.

त्या वर्षी उन्हाळ्यात जास्वंदीच्या झुडपात बुलबुलाने पुन्हा घरटे बांधले. ती गेल्या वर्षीचीच जोडी होती की दुसरी, ते अल्लालाच ठाऊक. या वेळी आम्ही विहिरीकडची ये-जा कमी केली. मुलीने स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच फोटो काढला. पुढची फांदी तशीच होती. फोटोत बहुतेक पानेच आली. पानांच्या फटीतून एक काळा तुरा आणि एक उघडी चोच तेवढी दिसत होती.

"अब्बा, नीट नाही आला," ती म्हणाली.

एके दिवशी सकाळी विहिरीवर एकच किलबिल ऐकू आली. आम्ही खिडकीत धावलो. आखूड शेपटीची तीन पिल्ले फांदीवर ओळीने बसली होती. एक उडाले, मग दुसरे. तिसऱ्याने बराच वेळ घेतला. शेवटी तेही उडाले आणि धडपडत समोरच्या आंब्यावर जाऊन बसले. मुलीने टाळ्या वाजवल्या. फोटो काढायचे आम्हां दोघांनाही सुचले नाही.

आता दर वर्षी मी आठवीच्या वर्गात दोन फोटो दाखवतो. एकात तीन पिल्ले अगदी स्वच्छ दिसतात. दुसऱ्यात पानांशिवाय फारसे काही दिसत नाही. दोन्ही फोटोंची हकिकत सांगतो आणि विचारतो, "मुलांनो, यांतला चांगला फोटो कोणता?"

शब्दार्थ
परसदार – घरामागची मोकळी जागा. झावळी – नारळाच्या झाडाची फांदी. सुतळी – तागाची बारीक दोरी. कठडा – विहिरीभोवतीची बुटकी भिंत. वल्हे – होडी चालवण्याचे साधन. मावळतीचे – सूर्य बुडण्याच्या वेळचे. नाद लागणे – गोडी लागणे, छंद जडणे. ओहोटी – समुद्राचे पाणी मागे जाणे.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाने फांदी सुतळीने का बांधली?
(आ) वेळास गाव कोणत्या तालुक्यात आहे?
(इ) सुगरण पक्ष्यांमध्ये घरटे कोण विणतो?
२. कारणे लिहा.
(अ) कासवांची पिल्ले सोडताना मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवतात.
(आ) फोटो दुपारी काढू नये.
३. लेखकाच्या शेवटच्या प्रश्नाचे तुमचे उत्तर पाच-सहा ओळींत लिहा.
४. तुमच्या घराजवळच्या एका पक्ष्याचे आठवडाभर दुरून निरीक्षण करा आणि रोज दोन ओळी वहीत लिहा.