रोज थोडे थोडे जाणारे पैसे

चि. सायली हिस,


आजीच्या फोनमधला बॅलन्स आपोआप कापला जातो, असं तू कळवलंस. तिला त्यावरून बोलू नकोस. अशा फसवणुकीत रक्कम मुद्दामच लहान ठेवतात, म्हणजे माणूस तक्रार करत नाही आणि महिनोन्‌महिने पैसे जात राहतात.

मुळात ज्योतिष, क्रिकेटचे स्कोअर, कॉलर ट्यून अशी कुठलीही सशुल्क सेवा ग्राहकाच्या होकाराशिवाय सुरू करता येत नाही. दूरसंचार नियामक 'ट्राय'ने २०१३ साली दुहेरी संमती बंधनकारक केली. सेवा मागितल्यावर दुसऱ्यांदा विचारायचं आणि पुन्हा होकार आला तरच पैसे कापायचे, असा तो नियम आहे.

मग पैसे जातात कसे? कधी जाहिरातीवर चुकून बोट पडतं आणि पुढच्या चौकटीतही घाईत 'ओके' दाबलं जातं. पण खरी भीती अ‍ॅपची आहे. 'जोकर' नावाचं घातक सॉफ्टवेअर साध्या वॉलपेपरच्या किंवा मेसेजिंगच्या अ‍ॅपमध्ये लपून येतं, फोनवर आलेला पुष्टीचा मेसेज स्वतःच वाचतं आणि मालकाच्या नकळत वर्गणी सुरू करतं. या कुळातली सुमारे १,७०० अ‍ॅप प्ले स्टोअरवरून काढून टाकल्याचं गूगलने २०२० साली जाहीर केलं होतं. म्हणजे अ‍ॅप प्ले स्टोअरवर आहे, एवढ्यावर विसंबायचं नाही. एसएमएस वाचू देणं म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देणं. टॉर्चला किंवा पंचांगाला आजीचे मेसेज कशाला हवेत? सेटिंगमध्ये जाऊन ती परवानगी काढ. मेसेज सूचनांमधूनही वाचता येतात, म्हणून 'नोटिफिकेशन अ‍ॅक्सेस' कुणाकुणाला दिलाय तेही बघ. अनोळखी अ‍ॅप सरळ काढून टाक.

आजच तिच्या फोनवरून १५५२२३ ला STOP असा एसएमएस कर. सशुल्क सेवा बंद करण्यासाठीच हा क्रमांक आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. जाहिरातींचे मेसेज १९०९ वरून बंद होतात. त्यानंतर कंपनीच्या कस्टमर केअरकडे पैसे परत माग आणि तक्रार क्रमांक लिहून घे. "तुम्हीच होकार दिला होता," असं ते म्हणतील. कधी आणि कुठल्या मार्गाने दिला, ते विचार. तिथे दाद लागली नाही, तर त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे जा; तिथे फी लागत नाही.

रक्कम किरकोळ आहे म्हणून सोडून देऊ नकोस, सायली. तक्रार नक्की कर, आणि काय उत्तर आलं ते मला कळव.

तुझी,
आत्या